रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधून एचडीएमआयने थेट रिसिव्हरला सराउंड: वापरून बघितल्यावरचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकतो म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांची सुटका. ५.१ किंवा ७.१ चा (म्हणजे पाच किंवा सात स्पीकर आणि एक सबवूफर चालवणारा) एव्ही रिसिव्हर आणि स्पीकर आधीच आहेत, कॉम्प्युटरला एचडीएमआय पोर्ट आहे, आणि तुम्हाला सराउंडमध्ये, म्हणजे ऐकणाऱ्याच्या चारी बाजूंनी आवाज येईल असं, मिक्सिंग करायचंय, तर त्यासाठी सहा-आठ आउटपुटवाला वेगळा ऑडिओ इंटरफेस घेणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड. एक एचडीएमआय केबल पुरते आणि आवाज खरंच झकास येतो. पण रेकॉर्डिंगला, म्हणजे गाणाऱ्याच्या कानात लाइव्ह आवाज परत द्यायला, हा रस्ता अजिबात नाही. आणि सेटिंग लावताना पहिल्या दिवशी डोक्याची मंडई होणार हे गृहीतच धरा.

माझा वापर विंडोज आणि रीपर (हे रेकॉर्डिंग-मिक्सिंगचं सॉफ्टवेअर) असा आहे त्यामुळे बहुतेक गोष्टी त्याच अंगाने येतील, मॅक आणि लिनक्सबद्दल शेवटी थोडं.

पहिला प्रश्न सगळ्यांचा हाच असतो की ऑप्टिकल केबल आहे की, तीच का नको. कारण ऑप्टिकलमधून साधा पीसीएम, म्हणजे न दाबलेला डिजिटल आवाज, फक्त दोन चॅनेल जातो. त्यावरून ५.१ पाठवायचं तर आधी ते डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएसमध्ये दाबावं लागतं, म्हणजे मिक्स करताना तुम्ही ऐकणार ते कॉम्प्रेस केलेलं, आणि एन्कोडिंगमुळे उशीर होतो तो वेगळाच. एचडीएमआयचं तसं नाही, २००२ साली पहिलं व्हर्जन आलं तेव्हापासूनच त्यात ८ चॅनेलचा पीसीएम २४ बिट आणि १९२ किलोहर्ट्झपर्यंत नेण्याची सोय आहे. आपल्याला ४८ किलोहर्ट्झ पुष्कळ झालं, त्यात ८ चॅनेल म्हणजे सेकंदाला साधारण ९.२ मेगाबिट, एचडीएमआयला हे किरकोळ काम आहे. शिवाय सगळं डिजिटलच जातं, अ‍ॅनालॉग करायचं काम रिसिव्हर करतो, मध्ये हम नाही, ग्राउंडची भुणभुण नाही, सहा केबलींचा गुंता नाही.

आता त्रासाकडे. सगळ्या त्रासाचं मूळ एकच आहे आणि ते एकदा डोक्यात बसलं की बाकीचं आपोआप उलगडतं: एचडीएमआय ही चित्राची केबल आहे, आवाज तिच्यावर लिफ्ट मागून बसलेला आहे. चित्राच्या दोन ओळींच्या मधे जी मोकळी जागा असते तिच्यात आवाजाची पाकिटं कोंबलेली असतात. म्हणजे चित्र नाही तर आवाज नाही. तुम्हाला रिसिव्हरला फक्त आवाज द्यायचा असला तरी कॉम्प्युटरच्या नजरेत तो एक मॉनिटर असतो, आणि त्याला मॉनिटरसारखंच वागवावं लागतं.

आणि इथेच बऱ्याच लोकांचं घोडं पेंड खातं. केबल जोडली की समोरचं उपकरण कॉम्प्युटरला स्वतःची माहिती पाठवतं, तिला ईडीआयडी म्हणतात, त्यात मला कुठलं रेझोल्युशन चालतं, किती चॅनेल चालतात हे सगळं असतं. ड्रायव्हर ते वाचतो आणि तेवढेच पर्याय दाखवतो. कॉम्प्युटर आधी टीव्हीला आणि टीव्हीतून रिसिव्हरला अशी जोडणी असेल तर टीव्ही बहुतेक वेळा सांगतो की मला दोनच चॅनेल येतात, झालं, विंडोजमध्ये ५.१ चा पर्यायच दिसत नाही आणि माणूस ड्रायव्हर पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करत बसतो. टीव्हीवरून उलटा आवाज आणणारं साधं एआरसीसुद्धा इथे उपयोगाचं नाही, त्याची कुवत ऑप्टिकलएवढीच. त्याच्याच सुधारित आवृत्तीत, ईएआरसीमध्ये, ८ चॅनेल पीसीएमची सोय आहे, पण टीव्हीने ते आत घेऊन पुढे सोडायला हवं ना, तिथे प्रत्येक टीव्हीची वेगळी तऱ्हा. त्यामुळे कॉम्प्युटरमधून केबल सरळ रिसिव्हरच्या इनपुटला, आणि टीव्ही किंवा मॉनिटर हवाच असेल तर तो रिसिव्हरच्या आउटपुटला. दुसरा कुठलाही उपाय करण्याआधी हे बघा.

विंडोजमध्ये साउंडचं जुनं पॅनल उघडायचं, नवीन सेटिंगच्या पानात जीव रमवू नका. रनमध्ये एमएमएसवायएस डॉट सीपीएल टाइप केलं की ते येतं. तिथे ग्राफिक्स कार्डच्या नावाने एक आउटपुट दिसेल आणि बहुधा शेजारी रिसिव्हरचं मॉडेलही. तो निवडून कॉन्फिगर, मग ५.१, मग एकेका स्पीकरच्या चित्रावर क्लिक करून टेस्ट. ज्या स्पीकरवर क्लिक केलं तोच वाजला पाहिजे. स्पीकर पाच आणि सब असेल तर ५.१ च निवडा, उगाच ७.१ घेऊ नका, नाहीतर नसलेल्या स्पीकरचा आवाज रिसिव्हर आपल्या मनाने दुसरीकडे मिसळतो आणि मिक्स करताना आपण नेमकं काय ऐकतोय तेच कळत नाही. अ‍ॅडव्हान्स्ड टॅबमध्ये २४ बिट, ४८००० हर्ट्झ. स्पेशियल साउंड बंद. एक्सक्लुझिव्ह मोडची टिक चालू.

रीपर मला या कामासाठी आवडतं ते एका कारणाने, त्याला विंडोजवर एएसआयओच (ऑडिओ इंटरफेसवाल्यांचा खास प्रकारचा ड्रायव्हर) पाहिजे असा हट्ट नाही. प्रेफरन्सेसमध्ये ऑडिओ डिव्हाइसच्या पानावर वासापी (विंडोजची स्वतःची ऑडिओ व्यवस्था) निवडायचं, आउटपुटला एचडीएमआय, चॅनेलची संख्या २ ची ६ करायची. शेअर्ड मोड ठेवला तर विंडोज स्वतःचा मिक्सर मध्ये घालतं, त्यात पीकला आवरणारा लिमिटरही असतो, म्हणजे तुमचा मिक्स शून्य डेसिबलच्या, म्हणजे डिजिटलच्या कमाल पातळीच्या, वर गेला तरी कानाला सगळं गोड लागतं, ते नको. एक्सक्लुझिव्हमध्ये सॉफ्टवेअर थेट डिव्हाइसशी बोलतं. फक्त त्यावेळी बाकी सगळ्या प्रोग्रामचा आवाज त्या आउटपुटवर बंद होतो, ब्राउझरमध्ये काही लावलं आणि ऐकू आलं नाही म्हणून घाबरू नका.

ज्या सॉफ्टवेअरला एएसआयओच लागतं त्यांच्यासाठी एएसआयओफॉरऑल किंवा फ्लेक्सएएसआयओ. पहिल्याला चालवायला सोपी खिडकी आहे, दुसऱ्याची सेटिंग एका टेक्स्ट फाइलमध्ये लिहावी लागते. मला दुसरा जास्त भरवशाचा वाटला, पण ज्यांना फाइल एडिट करायचा कंटाळा आहे त्यांनी पहिलाच घ्यावा.

मग प्रोजेक्टमध्ये मास्टर ट्रॅक ६ चॅनेलचा करायचा, हार्डवेअर आउटपुटला १ ते ६ मल्टिचॅनेल म्हणून जोडायचं, ज्या ट्रॅकला फिरवायचंय त्याचेही ६ चॅनेल, त्यावर रीसराउंडपॅन, म्हणजे आवाज स्पीकरांमध्ये फिरवणारं रीपरचं प्लगइन. हे शेवटचं विसरलं की पॅनरमध्ये ठिपका मागे नेला तरी आवाज पुढेच राहतो. ट्रॅक दोनच चॅनेलचा असला तर बाकीचे चार जाणार कुठे.

आता एक फसवणूक, आणि हिच्यात बरेच जण खुशीत राहतात. सगळं जोडलं, प्ले केलं, पाचही स्पीकर वाजले, वा. पण रिसिव्हरला येतोय स्टिरिओ आणि तोच स्वतः दोनाचे पाच करतोय! रिसिव्हरमध्ये असे अपमिक्सचे मोड असतात आणि पुष्कळदा तेच चालू राहिलेले असतात. रिसिव्हरच्या पुढच्या डिस्प्लेकडे बघा. मल्टि चॅनेल इन किंवा मल्टि सीएच पीसीएम असं काहीतरी आलं पाहिजे. नुसतं पीसीएम आणि शेजारी कुठल्यातरी सराउंड मोडचं नाव असेल तर तुम्ही अजून दोनच चॅनेल पाठवताय. रिमोटवर डायरेक्टचं बटण असतं ते दाबा, खरं ५.१ येत असेल तर पाचही चालू राहतील, नाहीतर मागचे दोन एकदम गप्प.

त्यानंतर चॅनेलचा क्रम. हे जरा खोलात सांगतो कारण चुकलं तरी लगेच कळत नाही. विंडोजचा क्रम असा: पुढचा डावा, पुढचा उजवा, सेंटर, एलएफई (फक्त खालच्या घुमाऱ्याचा, सबवूफरचा चॅनेल), मागचा डावा, मागचा उजवा. सिनेमावाल्यांचा एक जुना क्रम आहे, डावा, सेंटर, उजवा, डावा सराउंड, उजवा सराउंड, एलएफई. समजा सॉफ्टवेअर या दुसऱ्या क्रमाने सोडतंय आणि विंडोज पहिल्या क्रमाने घेतंय, तर काय होईल बघा: सेंटरचा गायक उजव्या स्पीकरमध्ये जातो, उजवं सगळं सेंटरमध्ये, डावा सराउंड सरळ सबवूफरमध्ये जाऊन पडतो आणि त्याचं वरचं सगळं गायब, आणि एलएफईची घरघर मागच्या उजव्या बिचाऱ्या छोट्या स्पीकरमधून. गाणं वाजतंच, फक्त विचित्र वाजतं, आणि माणूस म्हणतो मिक्समध्येच काहीतरी गडबड आहे. म्हणून कुठलंही गाणं घेण्याआधी सहा मोनो ट्रॅक करा, प्रत्येकावर कोणीतरी बोललेलं एकेक नाव, डावा, उजवा, सेंटर वगैरे, एकेक सोलो करून कुठून येतंय ते ऐका. सबवर बोललेलं कळणार नाही, तिथे ५० हर्ट्झचा टोन टाका. हा प्रोजेक्ट टेम्प्लेट म्हणून ठेवून द्या, प्रत्येक अपडेटनंतर लागतो.

प्रत्येक अपडेटनंतर म्हटलं ते उगाच नाही. ग्राफिक्सचा ड्रायव्हर अपडेट झाला की माझ्याकडे ५.१ ची सेटिंग निमूटपणे स्टिरिओवर जाऊन बसते, कोणी सांगत नाही, काही नाही. कंपनीचं नाव घेत नाही, पण एवढं पॉलिश केलेलं कंट्रोल पॅनल बनवता तर युजरने निवडलेले सहा चॅनेल तेवढे लक्षात ठेवा की राव.

दुसरी कटकट भुताच्या मॉनिटरची. रिसिव्हरला टीव्ही जोडलेला नसला तरी विंडोजला तिथे एक डेस्कटॉप दिसतो, माउस त्या दिशेने सटकतो आणि गायब होतो, कधी एखादी खिडकीच तिकडे उघडते आणि आपण शोधत बसतो. उपाय सोपा, डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये तो दुसरा चौकोन ओढून कोपऱ्याला तिरका चिकटवा, म्हणजे माउस चुकून जायची शक्यता जवळपास संपते. तो डिस्प्ले बंद करायला मात्र जाऊ नका, चित्र गेलं की आवाज गेला.

आणि तिसरी, सगळ्यात चिडचिड करणारी: स्क्रीन झोपली की ऑडिओ डिव्हाइसच नाहीसं होतं. तुम्ही दहा मिनिटं चहाला गेलात, आलात, माउस हलवला, तोपर्यंत सॉफ्टवेअर म्हणतंय डिव्हाइस सापडत नाही. पॉवर सेटिंगमध्ये डिस्प्ले कधीच बंद करू नको असं ठेवा, रिसिव्हरचंही आपोआप बंद होणं काढून टाका, आणि काम करायला बसताना आधी रिसिव्हर चालू मग सॉफ्टवेअर, हा क्रम पाळा. उलटं केलं तर विंडोज गुपचूप दुसरं आउटपुट धरतं.

शिवाय प्ले दाबल्यावर पहिला अर्धा-एक सेकंद कधीकधी गिळला जातो, कारण रिसिव्हर आलेला सिग्नल ओळखून मगच लॉक होतो. सॅम्पल रेट ४४.१ वरून ४८ वर गेला तर आतला रिले टक् करून वाजतो, ते नॉर्मल आहे. सॉफ्टवेअर थांबल्यावर डिव्हाइस बंद करण्याचा पर्याय असतो तो काढून टाकला की प्रवाह सतत चालू राहतो आणि हा प्रकार बराच कमी होतो.

उशिराबद्दल. बफर, म्हणजे सॉफ्टवेअर एका वेळी तयार करतं तो आवाजाचा तुकडा, २५६ सॅम्पल ठेवलं तर ४८ किलोहर्ट्झला ते ५.३ मिलिसेकंद होतात, ऐकायला छान. पण त्यापुढे रिसिव्हरच्या पोटात जे प्रोसेसिंग चालतं त्यावर तुमचा काही ताबा नाही. रूम करेक्शन, लिप-सिंक, अजून कायकाय. फेडर हलवायला, रिव्हर्ब लावायला, ऑटोमेशन करायला याने काही फरक पडत नाही. कीबोर्ड वाजवताना मात्र बोट आणि आवाज यांची फारकत होते, आणि गाणाऱ्याला तर ते सहनच होत नाही. रेकॉर्डिंग नेहमीच्या यूएसबी इंटरफेसवर हेडफोन लावून करा, मग डिव्हाइस बदलून एचडीएमआयवर मिक्स करा. विंडोजवर दोन्ही एकाच वेळी चालवायचे जुगाड आहेत, व्हॉइसमीटर वगैरे, पण दोन्हीकडची घड्याळं वेगळी असल्याने मधूनच टिकटिक ऐकू यायची शक्यता राहते आणि ती शोधण्यात संध्याकाळ जाते.

आता जे मनापासून आवडलं ते. एकच व्हॉल्यूमचा नॉब! इंटरफेसवर सहा आउटपुट असले की सगळ्यांचा आवाज एकत्र वरखाली करायला वेगळा मॉनिटर कंट्रोलर शोधावा लागतो, इथे रिमोट हातात आहे. प्रत्येक स्पीकरची लेव्हल आणि अंतर रिसिव्हर सांभाळतो, एखादा सराउंड एक मीटर जवळ असेल तर त्याला साधारण ३ मिलिसेकंद उशीर तोच देतो. बेस मॅनेजमेंटही फुकटात, स्पीकर स्मॉल म्हणून सांगितले की ८० हर्ट्झखालचं सगळं सबला जातं. स्टुडिओच्या पद्धतीने हेच करायचं तर वेगळं प्लगइन किंवा वेगळं उपकरण आलं.

फक्त एलएफईची भानगड समजून घ्या. एलएफई चॅनेल वाजवताना बाकीच्यांपेक्षा १० डेसिबलने वर वाजतो अशी पद्धत आहे आणि ती वाढ रिसिव्हर करतो. सॉफ्टवेअरमध्ये मीटरवर एलएफई बारीक दिसतोय म्हणून तुम्ही फेडर वर ढकललात तर दुसऱ्याच्या घरी भिंती हलतील. संगीताच्या मिक्समध्ये तर एलएफईला मी फार हातच लावत नाही, बेस आणि किक मुख्य स्पीकरांनाच देतो, क्रॉसओव्हर त्यातलं खालचं सबला नेतोच की.

रात्रीचा मोड, डायनॅमिक व्हॉल्यूम, कमी आवाजात बेस आणि मागचे स्पीकर आपोआप फुगवणारी सोय, हे सगळं बंद. विशेषतः शेवटचं. ते चालू असेल तर हळू आवाजात मिक्स करताना सराउंड भरगच्च वाटतात, म्हणून आपण ते कमी करतो, आणि दुसरीकडे ऐकलं की मागे काहीच नाही. स्पीकरच्या जागाही नीट हव्यात, आयटीयू या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या शिफारशीप्रमाणे पुढचे दोन मध्यापासून ३० अंशावर आणि मागचे १०० ते १२० अंशांच्या मधे, म्हणजे पाठीमागच्या भिंतीवर टांगलेले नाहीत, कानाच्या जरा मागे बाजूला.

मॅकवर हे काम कमी डोकेदुखीचं आहे. ऑडिओ मिडी सेटअपमध्ये एचडीएमआय निवडून फॉरमॅटला ८ चॅनेल, मग स्पीकर कॉन्फिगर, झालं, सॉफ्टवेअरला ते सरळ दिसतं. कीबोर्डवरच्या व्हॉल्यूमच्या कळा चालत नाहीत एवढंच. शिवाय यूएसबी इंटरफेस आणि एचडीएमआय यांचं एकत्र डिव्हाइस करून, दोन्ही घड्याळांचा फरक भरून काढणारं ड्रिफ्ट करेक्शन लावता येतं. लिनक्सवर अल्साचा, म्हणजे तिथल्या मूळ ऑडिओ यंत्रणेचा, क्रम वेगळा आहे, मागचे दोन तिसऱ्या-चौथ्या नंबरवर आणि सेंटर पाचव्यावर, त्यामुळे थेट अल्सावर गेलात तर गायक मागच्या डाव्या कोपऱ्यातून गातो. स्पीकर-टेस्ट कमांडला ६ चॅनेल सांगून आधी खात्री करा.

अ‍ॅटमॉसचं (डोक्यावरचे स्पीकरही असलेल्या सराउंडचं) विचाराल तर ७.१.४ ला १२ चॅनेल लागतात आणि ड्रायव्हरची यादी ७.१ ला संपते. कागदावर एचडीएमआय २.० पासून ३२ चॅनेल आहेत, पण कागदावर. उंचीचे स्पीकर हवेत तर मग इंटरफेसच घ्या, तिथे तो मोती जड नाही.

आणि यासाठी जुना रिसिव्हर सेकंडहँड घेत असाल तर मागे एचडीएमआयची भोकं दिसली म्हणून खुश होऊ नका. सुरुवातीच्या काळातले काही रिसिव्हर एचडीएमआय फक्त पुढे सोडायचे, चित्र इकडून तिकडे, आतला आवाज ते उघडतच नव्हते, त्यासाठी वेगळी ऑप्टिकल जोडावी लागायची. मॅन्युअल डाउनलोड करून त्यात एचडीएमआयच्या पानावर मल्टिचॅनेल लिनियर पीसीएम असं लिहिलंय का ते शोधा. अशा जुन्या मॉडेलला कधीकधी मागे सहा किंवा आठ अ‍ॅनालॉग इनपुटांची रांग असते, मग एचडीएमआय विसरा, सहा आउटपुटवाला इंटरफेस त्या रांगेला जोडा. फक्त बऱ्याच मॉडेलमध्ये त्या रांगेतून आलेल्या आवाजाला बेस मॅनेजमेंट लागत नाही, ते मग सॉफ्टवेअरमध्ये स्वतः करायचं.